फ्रीजरमधला नारिंगी तुकडा

पावणे,
नवी मुंबई, १४ नोव्हेंबर २०२४

चि. सई,

आशीर्वाद. तुला हवे असोत वा नसोत, मामाकडे त्यांचा साठा भरपूर आहे.

कारखान्यात बसून हाताने लिहितोय. याचा फोटो काढून तुझ्या त्या खालच्या गावातल्या लॉजवाल्याला पाठवतो. तो छापून जीपवाल्याला देईल, आणि जीपवाल्याच्या मनात आलं तर कागद तुझ्या हातात पडेल. एवढा मोबाईलचा जमाना, आणि भाचीला निरोप द्यायला मला अरुणाचलात जासूद धाडावा लागतोय!

बातमी चांगली नाही. तुझी आई हॉस्पिटलात आहे. परवा सकाळी देवाला फुलं वाहता वाहता कोसळली. डॉक्टर म्हणतात, हृदयाच्या ठोक्यांत गडबड आहे. नाकात नळी, हाताला सुई. मधूनच डोळे उघडते आणि ‘सई आली का?’ एवढंच विचारते. तुझ्याशी दीड वर्षं अबोला धरून बसलेली बाई तुझं नाव घेतेय, म्हणजे काय ते समज.

तुझे बाबा अभिरामराव गेल्यापासून तिला तू आणि मी, दोघंच. मी एक म्हातारा ब्रह्मचारी, प्लास्टिकच्या टाक्या बनवणारा. माझा ताईला काय आधार? तू ये. नदी काही पळून जात नाही. पुढच्या वर्षी तिथेच असेल.

पत्र मिळताच निघ.

तुझा,
मधुमामा

*

लॉजवरून,
२० नोव्हेंबर

मामा,

नमस्कार. ‘साष्टांग’ या वेळी नाही.

तुमचं पत्र वाचलं आणि होते तशी निघाले. सोबतच्या मैत्रीने माझी बॅग भरली, कारण माझे हात चालत नव्हते. वाटेत दरड पडली होती, ती ओलांडायला आम्हाला एक अख्खी रात्र रस्त्यावर काढावी लागली. त्या रात्री मी देवाला काय काय कबूल केलं ते तुम्हाला सांगणार नाही. आज लॉजवर पोचले, रेंज आली, तुम्हाला फोन लावला तर तुमचा बंद. मग समोरच्या संध्याकाकूंना लावला.

काकू म्हणाल्या, “हॉस्पिटल? कोण? अगं, जयमाला आत्ता खाली सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीला झापतेय, पार्किंगवरून. आवाज ऐकतेस का?” आणि खरंच, मला फोनमध्ये मागून आईचा आवाज आला. दीड वर्षाने. मी पायरीवर बसून रडले. आधी आनंदाने, मग तुमच्या नावाने.

मामा, नाकातली नळीसुद्धा लिहिलीत! तुम्हाला कसं सुचलं?

मला माहीत आहे, तुम्ही हे आईच्या सांगण्यावरून केलेलं नाही. आई खोटं बोलणार नाही. मसाला मार्केटमध्ये वीस वर्षं ती हिशेब बघते, तिथे तिचं नाव सांगितलं की माणसं पावती मागत नाहीत. हे तुमचंच डोकं. प्रेमापोटी केलंत हेही मला कळतं. पण आता ऐका.

नदी पुढच्या वर्षी असेल, पण पाणी आत्ताच आहे. पावसाळ्यात ती अंगावर येते, उन्हाळ्यात बर्फ वितळून चढते. मधले हे थोडे दिवस ती खाली उतरते, दगड दाखवते. आमच्या मुक्कामाच्या खाली एक घळ आहे. दोन्ही बाजूंनी सरळ कडे. एकदा आत शिरलं की पार खालच्या झुलत्या पुलापर्यंत काठावर चढायला जागा नाही. मधे फक्त एका वाळूच्या पट्ट्यावर रात्र काढायची. आपल्याकडचं कुणीही अजून ती घळ एकट्याने वल्हवायच्या कयाकमधून उतरलेलं नाही. मैत्री, अंकुश आणि मी, आम्ही तिघांनी यासाठी तीन वर्षं जीव टाकलाय.

आणि बाबांचं म्हणाल, तर ते उरणच्या समुद्रात बुडून गेले म्हणून आईने पाण्याशी वैर धरलं. मी धरलं नाही, हाच माझा गुन्हा. बाबांनीच मला वाशीच्या तलावात पोहायला शिकवलं होतं.

मी परत वर जातेय. पुन्हा असलं काही लिहू नका.

सई

*

पावणे,
२७ नोव्हेंबर

सई, बाळा,

मागच्या पत्राबद्दल तू म्हणशील ती शिक्षा मान्य. आल्यावर दे. आत्ता फक्त हे वाच, उभ्याने वाच, आणि वाचून झाल्याशिवाय पाण्याकडे जाऊ नकोस.

तुझी नारिंगी कयाक खराब आहे.

सोमवारी तळोज्याच्या एका गिऱ्हाइकाकडून आपल्या टाक्या परत आल्या. टेम्पोतून उतरवताना एक जरा आपटली आणि उभी चिरली. टाकी अशी चिरत नाही, सई. तिला चेप येतो, ओरखडा येतो, वर दोन माणसं नाचली तरी ती काही म्हणत नाही. मग दुसरी आपटून बघितली. तीही चिरली. मी भट्टीवाल्या किसनला हाक मारली. तो बघतच राहिला. म्हणाला, “शेठ, या सगल्या गनपतीनंतरच्या हायेत. तुमच्या भाचीची होरीपन तवाच काढलेली ना?”

मी तसाच भट्टीकडे धावलो.

भट्टीचा काटा बिघडला होता. दाखवत होता जास्त, आत ताप होता कमी. साच्यात पावडर वितळली, पण पुरती शिजली नाही. तू आमच्याकडे उभी राहून बघितलं आहेस. बाहेरून वस्तू गुळगुळीत निघते, रंग झकास, कुठे नाव ठेवायला जागा नाही. कच्ची पोळी वरून फुगलेली दिसावी तसं. जोराने दगड लागला की ती वाकायच्या ऐवजी फुटेल. त्यात तिकडची थंडी. थंडीत हे प्लास्टिक आणखी ठिसूळ होतं.

मैत्रीच्या आणि अंकुशच्या बोटी बाहेरून विकत घेतलेल्या आहेत. कच्ची आहे ती तुझीच, जी मामाने हौसेने फुकट करून दिली.

खात्री करायची तर एक कर. ती रात्रभर नदीच्या पाण्यात बुडवून ठेव आणि सकाळी शेपटीकडे मोठा दगड जोरात हाण. चांगली असेल तर नुसता चेप येईल.

मैत्रीलाही वेगळं लिहितोय. लॉजवाल्याला फोन केला होता, स्वतः वर जाऊन सांग म्हणून हातापाया पडलो. तो हसून म्हणाला, “साहब, सबके घर से यही फोन आता है.”

मी या वेळी खोटं बोलत नाही. ताईची शपथ.

मधुमामा

*

मुक्काम नदीकाठ,
२ डिसेंबर

मामा,

पत्र मिळालं. मैत्रीचंही. आम्ही दोघींनी ती शेजारी बसून वाचली, आणि खरं सांगू? हसलो. अंकुश म्हणाला, “तुझे मामा सिरीयल का नाही लिहीत?”

आधी आई आजारी पडली. ते जमलं नाही, मग बोट आजारी पडली. पुढच्या पत्रात काय, नदी आजारी?

आणि युक्ती तरी किती नामी! माझीच बोट, मीच दगड घेऊन फोडायची. फुटली तर मामा खरे. नाही फुटली तरी घळीच्या तोंडावर शेपटीला एवढा चेप पाडलेली बोट घेऊन कोण उतरणार? म्हणजे कसंही करून मी घरी. वा, मामा.

तुम्ही गणपतीनंतर केलेली हीच बोट मी कुंडलिका नदीवर महिनाभर चालवलीय. दगडांवर घासलीय, एकदा उलटी होऊन डोक्यावर घेतलीय. आज सकाळी आतून बाहेरून हात फिरवून बघितली. एक रेघ नाही.

मामा, तुम्ही ताईची शपथ घातलीत. अहो, ज्या ताईच्या नाकात तुम्ही नळी घातली होती, तिचीच ना? मी कशावर विश्वास ठेवू ते तरी सांगा. तुमच्या हातचं अक्षर बघितलं की आता आधी खोटं कुठे आहे ते शोधते. मला हे आवडत नाहीये. लहानपणी तुम्ही सांगितलं म्हणून मी कडुनिंबाचा काढासुद्धा सरबत समजून प्यायले आहे.

आईने सांगितलं असतं तर मी डोळे मिटून ऐकलं असतं. पण आई खोटं बोलत नाही आणि माझ्याशी खरंही बोलत नाही. ती माझ्याशी बोलतच नाही.

पाणी हवं तेवढं उतरलं की दहा तारखेच्या आसपास आम्ही आत शिरू. पुलावर पोचले की लॉजवरून फोन करीन.

रागावू नका.

सई

*

वाशी,
६ डिसेंबर

सई,

फार लिहीत नाही. मी लिहून काय उपयोग? लांडगा आला रे आला मीच ओरडलो होतो.

मी स्वतःच निघणार होतो. विमानाची चौकशी केली, अरुणाचलात शिरायच्या परमिटची केली. त्यात तू म्हणतेस तशी दरड. मी पोचेपर्यंत तू घळीत असशील. मग काय करायचं ते सुचेना आणि मी वेड्यासारखा कारखान्यात हिंडत होतो. तेव्हा पावडरच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवलेला नारिंगी तुकडा दिसला. तुझ्या कयाकला बसायची जागा कापली तेव्हा निघालेला. त्यावर तू पेनाने हसणारं तोंड काढून ठेवलं होतंस, आठवतं?

तो घेऊन ताईकडे आलो. माझा फ्रीज नावापुरता, त्यात बर्फ होत नाही. ताईच्या फ्रीजरमधले मटार आणि ओल्या नारळाचा चव बाहेर काढला आणि तो तुकडा आत ठेवला. सोबत एका जुन्या, चांगल्या टाकीचा तुकडा. ताईने विचारलं, हे काय? मी म्हटलं, कारखान्याचं काम. आज दुपारी दोन्ही बाहेर काढले, ओट्यासमोर फरशीवर ठेवले आणि हातोडा घातला. टाकीच्या तुकड्याला नुसता चेप आला.

पुढचं तीच लिहितेय. मी तिला सगळं सांगितलंय, हॉस्पिटलचंसुद्धा. तिने मला काय ऐकवलं ते जाऊ दे.

मधुमामा

*

वाशी,
६ डिसेंबर

सई,

मी आई.

दीड वर्षाने लिहिते आहे, अक्षर वेडंवाकडं येईल. तरी तू ओळखशील.

मधू जे सांगतो आहे ते खरं आहे. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या डोळ्यांदेखत तुझ्या बोटीचा तुकडा फुटला. एका घावात. त्याच्या ठिकऱ्या ओट्याखाली गेल्या, त्या मी वाकून वाकून गोळा केल्या. एकीवर तू काढलेला डोळा होता. ती मी पुसून बाजूला ठेवली आहे.

त्या बोटीत बसू नकोस.

तू म्हणशील, आईलाही या कटात घेतलं. म्हणून जे मी कधी लिहिणार नव्हते ते लिहिते. तुला नदीत जायचं आहे, तर जा. माझी परवानगी आहे. दुसरी बोट मिळव, कुणाची उसनी घे, आणि जा. मी अडवत नाही. अडवायचं असतं तर हे वाक्य माझ्या हातून लिहून झालं नसतं, तुला माहीत आहे.

फक्त त्या बोटीत नको. सई, त्या बोटीत नको.

तुझी आई

*

मुक्काम नदीकाठ,
१० डिसेंबर

आई,

तुझं पत्र काल दुपारी आलं. आज सकाळी आम्ही निघणार होतो. खाणं बांधून झालं होतं. जीपवाल्याचा मुक्काम पलीकडच्या वस्तीत असतो, त्याला वाटलं उद्या दिलं तरी चालेल. पण त्याला आमच्याकडून काडेपेटी हवी होती म्हणून तो आला.

वरचा कागद मामांचा होता, म्हटलं पुन्हा तेच असेल. खालचा उलटला, ‘मी आई’ वाचलं आणि मैत्रीला ओरडून हाक मारली. तुझा ‘ई’ कुठेही ओळखीन मी. मैत्री घाबरली, तिला वाटलं घरी काहीतरी झालं.

मग तुझ्या शब्दाखातर मी बोट बुडवली. आत दगड भरून, दोरीने बांधून, रात्रभर. सकाळी बाहेर ओढली आणि शेपटीवर दगड घातला. काही झालं नाही. आई, त्या क्षणी मला इतका राग आला! तुझ्या अक्षरावरसुद्धा. वाटलं, सगळ्यांनी मिळून मला बनवलं. त्या रागातच दुसरा घाव घातला.

तडा शेपटीपासून थेट माझ्या बसायच्या जागेपर्यंत गेला. लाकूड फुटावं तसा आवाज झाला. अंकुशने येऊन दोन्ही हातांनी धरून ओढलं तर पोळीसारखे दोन तुकडे. मैत्रीने एका तुकड्यावरून हात फिरवला आणि घळीकडे बघितलं. घळीच्या सुरुवातीलाच एक मोठा खडक आहे, त्याला घासूनच जावं लागतं. आत्ता या वेळी मी तिथे असते.

मामांना सांग, चूक माझी. नाही, त्यांचीही आहे. पण माझी जास्त. त्यांना म्हणावं, नळीचं माफ केलं.

आता एक विचारायचं आहे. इथे बसल्यापासून दुसरं काही सुचत नाही.

चार दिवसांपूर्वी मैत्रीचा खांदा निखळला. तो बसवला आहे, पण ती या वर्षी वल्हं धरू शकणार नाही, म्हणून आज मी आणि अंकुशच आत शिरणार होतो. तिची बोट चांगली आहे, माझ्या मापाचीही आहे. ती म्हणते, तू घेऊन जा. अंकुश थांबायला तयार आहे. पाणी अजून आठवडाभर असंच राहील.

तू परवानगी दिलीस, आई. ती खरी होती का? की मला विश्वास वाटावा म्हणून लिहिलीस?

तसं असेल तर मला वाईट वाटणार नाही. माझा जीव वाचावा म्हणून तू काहीही लिहिलं असतंस, हे मला कळतं. तू ‘नव्हती’ असं लिही, मी पुढच्या जीपने खाली येते. शब्द देते. हट्ट नाही, रुसवा नाही. तो तडा बघितल्यापासून माझी तुझ्याशी भांडायची ताकद संपली आहे. पण विचारल्याशिवाय जायचं नाही, हे मात्र ठरवलं आहे. बाबा कधी विचारून गेले नाहीत ना?

तुझं उत्तर येईपर्यंत मी पाण्यात पाय घालणार नाही.

तुझी,
सई

*

वाशी,
१३ डिसेंबर

चि. सई,

तुझं पत्र मधूने मला वाचून दाखवलं नाही, हातात दिलं आणि तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. तडा कुठपर्यंत गेला ते वाचल्यावर मी त्याला आत बोलावलं. त्याला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. संध्या भाजी घेऊन आली आणि आमची तोंडं बघून तशीच परत गेली.

तू विचारलंस, परवानगी खरी होती का.

नव्हती.

तू मला खोटं न बोलणारी समजतेस, म्हणून तेच नाणं मी वापरलं. त्या दिवशी फरशीवरचे तुकडे गोळा करून झाल्यावर मी तुला काहीही लिहिलं असतं. जा म्हटलं असतं, मीही येते म्हटलं असतं. मला फक्त तू त्या बोटीबाहेर हवी होतीस. तेव्हा मी तुझ्या मामापेक्षा चांगली होते असं समजू नकोस. त्याचं खोटं पकडलं गेलं, माझं गेलं नाही, एवढंच.

आता इथे थांबले असते तर तू घरी आली असतीस. मी इथेच थांबणार होते. हा कागद काल याच ओळीवर संपला होता. मधू फोटो काढायला आला तेव्हा मी त्याला म्हटलं, थांब.

सई, तुझे बाबा त्या दिवशी उरणला जाताना दारातून ओरडले, “जरा जाऊन येतो गं.” मी चिडले होते, पोळ्या लाटत होते, मान वर केली नाही. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, आणि ते ऐकून थांबले असते असंही नाही. पण इतकी वर्षं मला तेच छळतं की मी वर बघितलंच नाही. तू पहिल्यांदा या नदीचं नाव काढलंस तेव्हाही मी तेच केलं. तोंड फिरवलं. दीड वर्षं फिरवून ठेवलं. तेवढ्यात तू एका कच्च्या बोटीत महिनाभर बसलीस, आणि मला तिचा रंगसुद्धा माहीत नव्हता.

तू मला विचारलंस. विचारून थांबलीस. माझ्या एका शब्दाखातर तीन वर्षांच्या मेहनतीवर दगड घातलास. आता मी तुझ्याकडे बघून उत्तर देते.

परवानगी त्या दिवशी नव्हती. आज आहे.

मला भीती वाटते. ती जाणार नाही, आणि मी शूर असल्याचं सोंग करणार नाही. तुझा फोन येईपर्यंत मला जेवण जाणार नाही, मधू दर अर्ध्या तासाने येऊन माझं डोकं खाईल, आणि मी सोसायटीत कोणाशी तरी भांडेन. ते तू मनावर घेऊ नकोस. ते माझं काम आहे. तुझं काम तू कर, नीट बघून कर. मैत्रीच्या बोटीवरही एकदा हात फिरव. त्या खडकापाशी गडबड करू नकोस. सकाळी पाणी बघून मनाला नको वाटलं, तर वळून येण्यात काही कमीपणा नाही, आणि वळली नाहीस म्हणून मी पुन्हा अबोला धरणार नाही.

फ्रीजरमध्ये मटारांच्या जागी तो डोळा काढलेला नारिंगी तुकडा मी परत ठेवला आहे. का, ते मला सांगता येत नाही. आलीस की तूच काढ.

पुलावर पोचलीस की फोन मला कर. मामाला नको.

तुझी आई